प्रमिलाताईचा शेवटचा सामना

परीक्षा तोंडावर आल्या होत्या, त्यामुळे त्या दुपारी आमच्या पिंपरीच्या कॉलेजच्या ग्राउंडवर फारशी गर्दी नव्हती. मुलींच्या बास्केटबॉल टीममधल्या तिघी बीए होऊन बाहेर पडणार होत्या... त्यांच्यासाठी निरोपाचा सामना ठेवला होता. ऐंशी साल असावं, नाहीतर एक्याऐंशी.

मी स्वतः कधी खेळले नाही. बॉल अंगावर आला की मी डोळे मिटून घ्यायचे. पण एफवायला आल्यापासून या टीमची एकही मॅच मी चुकवली नव्हती. पुण्यात मॅच असली की त्यांच्याबरोबर बसने जायचे, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायचे आणि घसा बसेपर्यंत ओरडायचे.

आमची कॅप्टन होती प्रमिलाताई. भोसरी गावातली. पहाटे उठून म्हशींच्या धारा काढायच्या, डबा करायचा आणि मग कॉलेज गाठायचं, असा तिचा दिवस. फार उंच नव्हती ती, पण बॉल हातात आला की चौघींच्या मधून कशी निसटायची ते कळायचंच नाही. आणि हे सगळं घरी कुणालाच माहीत नव्हतं... "जादा तास आहे" एवढंच सांगून ती प्रॅक्टिसला थांबायची.

सामना सुरू झाला. सिनिअर तिघींनी दोन ज्युनिअर आपल्या बाजूला घेतल्या होत्या. जवळच्या कंपनीची पहिली शिफ्ट सुटली होती आणि सायकलवरून घरी निघालेले पाच-सहा कामगार कुंपणाशी टेकून बघत उभे राहिले.

अर्धा सामना होत आला तेव्हा माझ्या शेजारी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, बसस्टॉपपासून चालत आल्यामुळे दम लागलेला.

"पोरी, परमिला कुठं हाय गं? म्या तिची आई. घरी पाव्हणं यायचं हायेत."

मी नुसतं ग्राउंडकडे बोट केलं... नेमकी तेव्हाच प्रमिलाताई बॉल घेऊन दोघींना चुकवत पुढे गेली आणि उडी मारून तिने बास्केट केली. कुंपणावरून शिट्ट्या आल्या.

मी तिला हाक मारायला उठले, तर मावशींनी माझा दंड धरला. "थांब जरा. खेळू दे."

मग त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. "बॉल त्या कड्यात गेला की काय व्हतं?" मी म्हटलं, दोन पॉइंट. प्रमिलाताईला कुणाचा धक्का लागला की त्यांचं अंग पुढे व्हायचं, आणि तिने बास्केट केली की हात पदराखालीच घट्ट मिटायचा. माझं ओरडणं त्या दिवशी पहिल्यांदाच बंद होतं... मी त्यांच्याकडेच बघत बसले होते.

सामना संपला आणि प्रमिलाताईला आई दिसली. ती होती तिथेच थांबली.

मावशी उठून तिच्यापाशी गेल्या. "इतकी वर्सं हे करत व्हतीस व्हय? मला येकदा तरी बोलवायचं."

"तू आली नसतीस, आई."

"न्हाई आले नसते," त्या म्हणाल्या. "खरं हाय तुजं."

आमच्या खेळाच्या सरांना वाटलं, हीच वेळ आहे. ते पुढे आले. म्हणाले, "मावशी, मे महिन्यात राज्याच्या टीमसाठी निवडीचं शिबिर आहे. प्रमिलाचं नाव मी सुचवलंय. फक्त तुम्ही घरच्यांनी हो म्हणायला हवं."

मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. प्रमिलाताई खाली मान घालून उभी होती.

"मास्तर, आदी सांगायचं व्हतं," मावशी म्हणाल्या. "तिच्या बापानं शबुद दिलाय. आज सुपारी फुटायची हाय."

प्रमिलाताई म्हणाली, "मला माहितेय. सामना झाला की निघणारच होते." आवाजात राग नव्हता. तिने तोंडावर पाणी मारलं, साडी नेसून आली, आम्हा एकेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि आईच्या मागोमाग गेटकडे चालू लागली. टीमच्या फोटोसाठी फोटोग्राफर सांगून ठेवला होता, पण नंतर कुणालाच फोटो काढावासा वाटला नाही.

पुढच्या वर्षी कॉलेजला मुलींची टीम झालीच नाही. मुलांच्या टीममधल्या दोघांना खेळावर कंपनीत नोकऱ्या लागल्या. मुलींना त्यासाठी कुणी विचारलं असं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

लग्नानंतर प्रमिलाताई चाकणकडे गेली. तिची माझी गाठ पडली नाही. पण काही वर्षांनी भोसरीच्या भाजीबाजारात मावशी भेटल्या. मी ओळख दिली, प्रमिलाताई कशी आहे विचारलं.

"बरी हाय. माणसं चांगली मिळाली, दोन पोरं हायेत." मग हातातली मेथीची जुडी त्यांनी उगाचच खालीवर केली. "सुपारीच्या आदल्या वरसाला तिचा खेळ बघितला असता ना, तर म्या भांडले असते गं तिच्यासाठी. घरात कुणाला ऐकले नसते."

आम्ही परक्या पोरींनी प्रमिलाताईचा खेळ डोळे भरून पाहिला... तिच्या आईच्या वाट्याला मात्र त्यातला अर्धाच सामना आला. मला अजून हळहळ वाटते ती याचीच.