मुखरूभाऊ अन् तलावाचं फाटक

मुखरूभाऊवर मी चिडलो नाई असा दिवस गेला नाई, अन् तो एक दिवस नाई दिसला तर मले फाटकावर करमत नाई.

आमच्या गावचा तलाव गोंडराजाच्या काळात माणसांनी बांधलेला. २००१ मध्ये त्याले उद्यान केलं, दोन बोटी टाकल्या अन् मले, देवानंदले, फाटकावर बसवलं. मुखरूभाऊ मासोळ्या धरणारा ढिवर, तलावाचं पाणी सोडणारा पाणकर. मातीच्या पाळीले आतून दगडी पायऱ्या, पायरीपायरीले भोक, भोकाले लाकडी बूच. या साऱ्याले आम्ही तुडूम म्हणतो. धानाले पाणी लागलं का भाऊ बुडी मारून वरचं बूच काढे, पाणी उतरलं का त्याच्या खालचं. पण फाटकातून ये म्हटलं तर ऐकन तो मुखरू कसला! रोज कुंपणाच्या तारेखालून घुसे.

एका उन्हाळ्यात तो लेकीकडे आरमोरीले गेला, अन् उद्यानाच्या नव्या साहेबांनी भोकांत साप राहतात म्हणून सिमेंट भरून टाकलं. आश्विनात धान पोटरीवर आला अन् पावसानं दडी मारली. साहेब म्हणाले, चंद्रपूरहून आदेश आल्याशिवाय काही फोडायचं नाही.

भाऊ माह्यापाशी आला. "सगळ्यात खालचं भोक उन्हाळ्यातही पाण्यात राह्यते. ते बुजलं नसन."

"भरल्या तलावात खालचं काढत नाई, भाऊ. पाणी हात ओढून घेते, तूच तं सांगतं."

"मंग धान मरू द्याचा काय?"

मी फाटक उघडलं. भाऊ बुडाला तो वर येईच ना. वर आला तेव्हा मनगट सोललेलं, हातात बूच. पाळीपलीकडे पाणी खळाळलं, अन् मी रडलो. त्यात लाज कायची?

"त्याला आत कोणी सोडलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," म्हटलं. तिथल्या तिथं त्यांनी मले घरी बसवलं.

चार दिवसांत धानाच्या साऱ्या बांध्या भरल्या, पण पाणी थांबेना. काठाच्या बोटी चिखलात टेकल्या. बूच लाव म्हणायले साहेब स्वतः भाऊच्या घरी गेले. भाऊ बूच घेऊन निघाला. तारेकडे गेलाच नाई, फाटकासमोर येऊन उभा राह्यला. साहेबांनी कुलूप काढलं. भाऊ हलला नाई.

"चला ना आता," साहेब म्हणाले.

"मी नेमाचा माणूस, साहेब," भाऊ म्हणाला. "देवानंदनं फाटक उघडल्याबिगर मी आत जात नाई."