मोटारीवरचा हार

झेंडूचा वाळका हार दिसला की शिरपूरजवळची ती घटना आजही जशीच्या तशी समोर उभी राहते. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. भर उन्हाळ्यात सकाळीच जवळच्या एका गावातून फोन आला.

"साहेब, नालानं पानी पिईसन म्हशी मरी ग्यात. बठ्ठं गाव कारखाना पेटाडाले निंघनं!"

आम्ही पोहोचलो तेव्हा रंगाच्या कारखान्याच्या फाटकावर काठ्या घेतलेला जमाव होता. गावाची एकुलती विहीर त्याच नाल्याकाठी. खरं सांगतो, मला भीती वाटली. गावातल्या वडीलधाऱ्या आबांकडे मी वेळ मागितला.

"दिन बुडे तोपर्यंत," आबा म्हणाले. "मंग कोनीच थांबाव नही."

मालक मात्र निवांत. "सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा रोज चालते, साहेब. तरी दंड असेल तर सांगा, भरून टाकतो." यंत्रणेच्या विजेपेक्षा दंड स्वस्त, हा त्याचा हिशोब मला आवाजातच कळला. मॅनेजर आणि ऑपरेटरची वेगवेगळी चौकशी केली. दोघेही पोपटासारखे तेच बोलले. ऊन कलू लागलं होतं.

शेवटी पंचांना आणि मालकाला घेऊन यंत्रणेच्या खोलीत शिरलो. मोटारीच्या फिरत्या दांड्याला पूजेचा हार बांधलेला होता. फुलं काळी पडलेली, दोरा मात्र शाबूत.

"मोटारीला दसऱ्यापासून सुट्टी दिसते," मी म्हणालो. "कारखाना कोणाच्या नावावर आहे?"

"आईच्या. तिचा पायगुण..." तो अडखळला.

"मग पहिल्या आरोपी त्याच."

दंडाला न घाबरलेला तो माणूस माझे पाय धरायला वाकला. तेवढ्यात आवारातल्या घरातून त्याची आईच आली. बाहेरच्या आबांकडे तिने एकदा पाहिलं.

"हार मीच बांधा व्हता. कारखाना मना नावना शे. चाला, माले गाडीमा बठाडा."

बाहेर काठ्या खाली आल्या.

गुन्हा मायलेकांवर नोंदवला. तिचं नाव लिहिताना जिवावर आलं, पण लिहिलं. नाल्यात जाणारा पाइप त्याच दिवशी बंद झाला आणि यंत्रणा आठवड्याच्या आत सुरू झाली. दंड खर्चात मांडता येतो. आईला चारचौघांत पोलिसांच्या गाडीत बसवणं कुठल्याच खर्चात बसत नाही, हे मला त्या खोलीत कळलं.

आता मी धुळ्यात असतो. दरवर्षी दसऱ्याची पूजा आटोपून कारखान्यातली ती मोटार सुरू केली की त्या माउलीचा फोन येतो. ती एवढंच सांगते, "साहेब, मोटार फिरनी, हार तुटना."