आबांचा ग्रे कापडाचा तंबू

नव्वदच्या दशकातली दिवाळी. सुरतेत लिंबायतचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, निम्मी गल्ली धुळ्या-जळगावकडे गेलेली... आणि लूमवर काम करणारे माझे वडील, आबा, मला घेऊन शिकारीला निघाले होते!

शिकार म्हणजे माशांची हो. तापीकाठी गळ टाकून दोन दिवस बसायचं, त्याला आमचे आबा ऐटीत शिकार म्हणायचे.

मी मात्र फुगलेली. काठावरच्याच गावात आईच्या मावसभावाचं पक्कं घर होतं, गाद्या होत्या, कलर टीव्ही होता... पण आबांचं अहिराणीत एकच, "तंबूमाच ऱ्हावानं."

तंबू तरी कसला! लूमवरचं डागी ग्रे कापड, म्हणजे न रंगवलेलं, आईने मशीनवर शिवून दिलेलं. त्यातून वारा आत येत नसे, दव मात्र बिनदिक्कत यायचं.

खरं सांगू? कारण मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. पहिल्या चाचणीत मी गणितात नापास झाले होते आणि त्या सुमारापासून आबा माझ्याशी धड बोलत नव्हते. हाक मारली तरी वळायचे नाहीत.

नापास पोरगी नातेवाइकांना कशी दाखवायची, म्हणून हा तंबू... आपण वडिलांच्या मनातून उतरलो, या भीतीने मी दोन महिने आतल्या आत रडत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जाग आली. ऊन कापडातून गाळून येत होतं, आत सगळं दुधाळ झालेलं. बाहेर नदीवर धुकं, पलीकडचा काठ नाहीच... मी अजून झोपेतच आहे, असं कितीतरी वेळ वाटत राहिलं.

आबा दाराशी पाठमोरे बसले होते. गळाची दोरी तंबूच्या बांबूला बांधलेली, तळहात कापडावर टेकलेला. मी हाक मारली. पुन्हा मारली... तिसऱ्यांदा तर ओरडलेच. आबा ढिम्म!

तेवढ्यात कापड जरासं थरथरलं. आबा ताडकन उठले आणि दोरी ओढायला लागले. चांगला हातभर रोहू निघाला.

मी पुढे जाऊन उभी राहिले, तेव्हा ते दचकून हसले. "कव्हय उठनी?"

"आबा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

आबांनी मासा गळातून सोडवला. "मना कान गयात, बेटा. लूमनी खाई टाकात. लोकेसना घरमा समदा हळू बोलतस, मंग हसतस. आठे तू समोर ऱ्हास, तुनं तोंड दिखस."

लूमच्या खडखडाटात सगळेच कारागीर एकमेकांचे ओठ बघून बोलतात. त्यामुळे कारखान्यात कुणाला पत्ता नव्हता, आणि घरात आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागून बोलत राहिलो.

"आणि... मी नापास झाले, त्याचा राग?"

"नापास? कव्हय?"

आईने ही बातमी त्यांना चुलीकडे तोंड करून सांगितली होती!

मी हसले, रडले, आणि मग समोर मांडी घालून दोन महिन्यांचं सगळं सांगितलं. हळूहळू, ओठ नीट हलवून.

आता त्याच काठावर रिसॉर्ट झालेत, माझी मुलं एसी रूमचा हट्ट धरतात. मी आणि आबा तंबूच लावतो. आत शिरलं की आबा कानातलं मशीन काढून खिशात ठेवतात, "आठे कसाले लागस?" इथे कशाला हवं, म्हणतात... आणि मी समोर जाऊन बसते.