पंपघराचं दार कुणी उघडलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. बसा जरा.

मला लहानपणापासून एक खोड आहे. बंद वस्तू दिसली की ती उघडते कशी, हे कळल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. आईची शिलाई मशीन, शेजाऱ्यांचा रेडिओ — सगळं खोलून झालं. पुढे याच खोडीवर पोट भरायला लागलो; वसई पूर्वेला एका गाळ्यात कुलपं बनवतो. त्यामुळे भुईगावात आमच्या सामाईक विहिरीवर कुणीतरी पाळी सोडून आपल्या वाडीतल्या झाडांना पाणी घेतंय अशी कुरबुर सुरू झाली, तेव्हा विहिरीच्या समितीने मलाच बोलावलं.

मी पंपघराचं जुनं जाड कुलूप तसंच ठेवलं आणि चौकटीत एक सेन्सर बसवला. दारात चुंबक. दार हललं, चुंबक दूर गेलं, की समितीच्या मोबाइलवर मेसेज. लोखंडाने अडवायचं, सेन्सरने चुगली करायची. एकाला फसवाल, दोघांना कसं फसवाल? — असं मी ऐटीत सांगितलं. किल्ली एकच, जनूकाकांकडे. त्यांच्या घरात ती त्यांच्या आज्यापासून. पाण्याच्या पाळ्या तेच लावायचे, आणि त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

पण माझाच प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. खरंच नाही फसवता येणार? एका दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, मी सायकलचा वाकवलेला स्पोक आणि जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन गेलो. चुंबक चौकटीला धरलं — म्हणजे दार उघडलं तरी सेन्सरला ते बंदच वाटावं. स्पोकने कुलूप — काय सांगू, पटकन उघडलं. इतका आनंद झाला की एकटाच हसलो. दार ढकललं, आणि घामेजल्या हातातून चुंबक घसरलं. क्षणभरच. परत लावलं, दार ओढलं, कुलूप दाबलं, घरी आलो.

मेसेज गेला होता. आणि त्या दुपारी पाण्याची पाळी कुणाचीच नव्हती.

कुलूप शाबूत, किल्ली एकच. मग दार उघडलं कुणी? संध्याकाळी समिती जनूकाकांच्या ओटीवर. मीही होतो — यंत्र माझं ना. काका म्हणाले, मी नाही उघडलं. परत तेच म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"पोरा, तुजं यंत्र चुकत तर नाय ना?"

"नाही काका. ते चुकत नाही."

यंत्र बरोबरच होतं की. भ्यालो होतो मी. गावात हसं होईल, धंदा बसेल — एवढंच डोक्यात.

काकांनी भांडावं असं मला वाटत होतं. ते भांडले नाहीत. कुणीतरी म्हणालं, वय झालं, विसरला असाल. काका असंल म्हणाले, आणि आत जाऊन किल्ली आणून दिली. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी, स्वतःवर नाही.

आता पाळ्या दुसरेच लावतात. काका कुणी सोबत असल्याशिवाय विहिरीकडे फिरकत नाहीत. परवा त्यांच्या घरावरून चाललो होतो, तर सुनेबरोबर बाहेर निघालेले काका तिला विचारत होते, कडी घातली ना मी? ती हो म्हणाली. जरा पुढे येऊन ते परत फिरले आणि कडी ओढून बघितली. मग मी दिसलो, तर ओशाळून हसले.

मीही हसलो, आणि पुढे गेलो.