पाचव्यावरून थेट दुसऱ्यावर

उर्से सोडलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, शेजारच्या सीटवर गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते. गाडी जुनीच, पण आमच्या घरातली पहिली. ट्रॅक्टर विकून घेतलेली. सोमवारी चालक येणार होता आणि कंपनीच्या माणसांची ने-आण सुरू होणार होती. घर आता तिच्यावरच चालायचं होतं. मात्र आमच्यात आत्याने ओवाळून नारळ फोडल्याशिवाय वाहन कामाला लावत नाहीत, म्हणून आम्ही आत्याकडे औंढ्याला निघालो होतो. पूजेचं सामान मागच्या सीटवर होतं.

घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि गाडीचा परवानाही माझ्याकडेच. हात मात्र ट्रॅक्टरवर बसलेला. थांबून, जोर लावून गिअर टाकायचा, हीच सवय.

कामशेत मागे पडलं. भात कापलेल्या खाचरांत (बांध घातलेल्या शेतांत) पेंढ्या उभ्या होत्या, डावीकडे लोहगड दिसू लागला. पाचव्या गिअरमध्ये गाडी छान पळत होती. मला थोडा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला सांगू!

पुढे एसटी हळू झाली. आबा म्हणाले, "चौथा टाक."

पाचव्यावरून चौथा सरळ खाली, सैल हाताने घ्यायचा. मी गिअरचा दांडा रेटला. तो पार डावीकडे जाऊन दुसऱ्यात पडला. क्लच सोडताच इंजिन किंचाळलं आणि गाडीला असा हिसका बसला, की आम्ही दोघंही पुढे झुकलो. घाबरून मी पुन्हा क्लच दाबला आणि गाडी कशीबशी कडेला घेतली.

पुन्हा निघालो, तर प्रत्येक वळणावर खालून आवाज. टक.

"आबा, बिघडली का हो गाडी?"

"पुढं बघ," एवढंच ते म्हणाले.

कार्ला फाट्याजवळ एक गॅरेज दिसलं. मी अडखळत सगळं सांगितलं.

"पाचव्यावरनं दुसरा?" गॅरेजवाले हसले. "लय मोठी उडी मारली की ताई! एवढ्या पळत्या गाडीत दुसरा टाकला की चाकंच इंजिनाला पळवत्यात. व्हॉल्व पिस्टनवर आपटत्यात. गिअरचं दात बी जात्यात."

त्यांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून तेल गळतंय का पाहिलं, सगळे गिअर टाकून बघितले. मग शेजारी बसून एक फेरी मारली. टक.

"इंजिन वाचलं. पण ह्यो आवाज काय बरा न्हाई. गिअरबॉक्स उतरवावा लागंल. आठवडा धरा."

आबा बाहेर दगडावर बसले होते. त्यांनी ऐकलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणजे सोमवारचं काम गेलं.

गाडी आत लावायला मी पुढे घेतली, ब्रेक दाबला, आणि टाचेला काहीतरी थडकलं. वाकून पाहिलं. शेंडीचा नारळ! हिसक्यात मागच्या सीटवरून पडून सीटखाली गडगडत होता.

गॅरेजवाल्यांनी तो हातात घेऊन आबांपुढे धरला. "घ्या आबा, तुमचा गिअरबॉक्स!"

आबा इतके हसले, की डोळे पुसावे लागले.

पुन्हा एक फेरी मारली. आवाज नव्हता.

औंढ्याला आत्या दारातच उभी होती. "कुटं ऱ्हायला व्हता? भात निवला की!" नारळ तिने नीट फिरवून पाहिला, कारण तडा गेलेला नारळ पूजेला चालत नाही. मग कानाशी हलवला.

"व्हय, पाणी हाय. चांगलाय."

मी आणि आबांनी एकमेकांकडे पाहिलं. ओवाळणं झालं, नारळ फुटला. मग इंद्रायणीचा भात आणि पावट्याची आमटी मी दोनदा मागून घेतली. सकाळपासून भूक लागल्याचं तेव्हाच कळलं.

परतीला जुन्या महामार्गावर पुन्हा एक एसटी हळू झाली. मी मूठ सोडली, तळहाताने दांडा अलगद खाली घेतला. गाडीने हूं की चूं केलं नाही.

आबांना सांगावं म्हणून वळले. खोबऱ्याचा तुकडा हातात तसाच धरून ते झोपले होते. येताना ताठ बसलेला माणूस आता मान टाकून निवांत घोरत होता. उर्स्यापर्यंत गाडीत तेवढाच एक आवाज होता.