कपाटाचं खालचं टोक

आमच्या टोळीत सामान हलवताना बोलायचं एकानेच, असा नियम होता. तो एक म्हणजे मुकादम. तो "उचला" म्हणाला की सगळ्यांचे हात एकदम वर. हात मागेपुढे झाले, तर सामान किंवा माणूस, काहीतरी मोडतंच.

जुन्या मुकादमाला आम्ही तोफ म्हणायचो. सामानाला बोट लावायचा नाही, जिन्यात वर उभा राहून नुसता गरजायचा. तो घरी बसला आणि मालकांनी मुकादमकी दिली पुटपुट्याला. हा बोलला तर फार तर त्याच्या कॉलरला ऐकू जाईल. लिहिणं हा माझा प्रांत नाही, पण त्याच्याबरोबर निम्मं आयुष्य वजनं उचलली, म्हणून धीर केला.

"थोडे दिवस बघतो," मालक त्याला म्हणाले होते. "नाही जमलं, तर बाहेरचा माणूस आणीन."

तेवढ्यात शिंपीणबाईंच्या कपाटाचं काम आलं. वरच्या मजल्यावरून खाली न्यायचं, दाराला आरसा, शिवाय त्यांच्या आईचं. पुटपुट्या कपाटाभोवती फिरला, जिना बघून आला आणि म्हणाला, "दारं काढून आडवं न्यावं, असं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

झालं. टोळीतल्या पैलवानाला वाटलं, उभंच न्यावं. पैलवानाच्या मेहुण्याला नेहमी पैलवानाला वाटेल तेच वाटायचं. मला जे वाटलं ते मी गिळलं. कपाट उभं निघालं. खाली पैलवान, वर मी आणि मेहुणा, आणि आमच्या मागे, तोफ उभी राहायची त्या जागी, पुटपुट्या. पहिल्याच वळणावर कपाट अडकलं. पुढे जाईना, मागे येईना.

मग जो तो मुकादम झाला.

"जरा तिरकं घ्या," शिंपीणबाई म्हणाल्या.

"तिरकं केलं तर आरसा जाईल, काकू," मेहुणा म्हणाला.

वळणावर एका आजोबांचं दार होतं. ते पैलवानाच्या पाठीला अडून अर्धंच उघडलं. फटीतून आजोबा म्हणाले, "म्हणजे मी आता कायमचा घरातच का?"

"अरे, बोल की काहीतरी," पैलवान घाम गाळत पुटपुट्याला म्हणाला.

पुटपुट्याने छाती फुगवली आणि तोफेसारखा गरजला. निदान बेत तसा होता. बाहेर पडला तो कोंबडीच्या पिल्लाचा आवाज. मेहुण्याला हसू फुटलं, हात सैल झाला आणि कपाट वीतभर घसरलं. आरसा करकरला. शिंपीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

पुटपुट्याचा चेहरा पडला. पण तो कठड्यावर चढला, पलीकडे उतरला आणि कपाटाच्या खालच्या टोकाला पैलवानाशेजारी खांदा लावून उभा राहिला. उलट्या पावलांनी उतरायचं ते टोक. कपाट सुटलं, तर पहिलं अंगावर येणार ते तिथे. तिथून त्याला आमची तोंडं दिसत होती. त्याने पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात काहीतरी म्हटलं.

"गप्प बसा हो सगळे," आजोबा फटीतून म्हणाले. "तो काहीतरी सांगतोय."

पुटपुट्याने तेच पुन्हा सांगितलं.

"परत वर न्यायचं. दारं काढायची. मग आडवं."

"खात्री आहे?" पैलवानाने विचारलं.

"नाही. पण चुकलं तर आधी मी चेपला जाईन. उचला."

आमचे हात कधी एकदम उठले ते आम्हालाच कळलं नाही. दारं निघाली, कपाट आडवं झालं, आणि पुटपुट्या उलटा उतरत प्रत्येक पायरीला हळूच "पायरी" म्हणत राहिला. आजोबांचं दार मागे पडेपर्यंत त्याचा आवाज पिल्लाचा राहिला नव्हता. मोठाही झाला नव्हता, पण ठाम झाला होता. आधी आमचा त्याच्यावर विश्वास बसला, त्याचा स्वतःवर नंतर बसला, असं मला वाटतं. चुकतही असेन.

खाली मालक उभे होते. त्यांनी आरशावरून हात फिरवला. "आडवं न्यायचं कोणी ठरवलं?"

"मुकादमांनी," मेहुणा म्हणाला. पैलवानाच्या तोंडाकडे न बघता.

पुटपुट्या काहीतरी बोलला. मालकांना कान पुढे करावा लागला.

"उद्याचा जिना मी आधी बघून येतो," तो म्हणत होता. कोणाला काय वाटतं, ते त्याने विचारलं नाही.