नेहमीचा बिघाड, नेहमीचा इलाज

माझी मुलगी आमच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये बसून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. तेव्हा नोकरी अजून पक्की व्हायची होती. तिच्याकडे एक एआय एजंट होता, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधले बिघाड स्वतःहून शोधणारा प्रोग्राम. त्याला तीन टूल्स दिलेली, आणि कोणतं टूल काय करतं याचं वर्णन मुलीनं लिहायचं. एजंटला दिसतं ते एवढंच. सोमवारी साहेबांसमोर त्यानं बिघाड शोधून दाखवला, की हिची नोकरी पक्की.

शनिवारपर्यंत तो दर वेळी एकच गोष्ट करत होता. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू. तसं केलं की बिघाडाच्या खुणाच पुसल्या जायच्या.

"बाबा, घडीभर तुमीच एजंट बना," मुलगी म्हणाली.

मी पोलादाच्या प्लांटात मेंटेनन्सला आहे. एवढ्या झटपट बढती मला कधीच मिळाली नव्हती. चष्मा लावून वाचायला बसलो. पहिलं टूल: 'तपासणीसाठी उपयुक्त.' दुसरं: 'सखोल तपासणीसाठी अत्यंत उपयुक्त.' तिसरं: 'कोणत्याही अडचणीत प्रोग्राम पुन्हा सुरळीत करते.'

मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"कावून?"

"कोणत्याही अडचणीत म्हणते ना. बाकीचे दोघं काय करून राहिले, तेच मले समजत नाही."

मुलगी ओरडलीच, "तो बी अस्साच करते!"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "टीव्ही असो का मिक्सर, तुह्ये बाबा आधी बंद-चालूच करतेत. त्यायले इचारून काय फायदा?"

अब्रू वाचवायला मी सांगू लागलो, की पाळी संपताना लॉगबुकात मी किती नेटकं लिहितो. सांगता सांगता जीभ अडखळली. कारण वर्षानुवर्षं मी एकच ओळ लिहीत आलो होतो, हिंदीतून: नेहमीचा बिघाड, नेहमीचा इलाज. आमच्या टोळीत ती सगळ्यांना कळायची. मग प्लांटाच्याच नंदिनी गावातल्या खाणीतून एक जण बदली होऊन आला. माझ्या रात्रपाळीनंतर त्याची पहिली पाळी. दुपारी मी झोपेतून उठून भाताला हात घालतो, तोच तो दारात. घामाघूम, हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर माझी ओळ.

"दादा, नेहमीचा मंजे कोणता? आठ घंटे शोधून राहिलो. मी त आजच आलो न!"

बायकोनं त्याला आधी पाणी दिलं, मग जेवायला बसवलं. माझ्याकडे मात्र नुसतं पाहिलं. त्या दिवसापासून मी लिहू लागलो: काय आहे, केव्हा हात लावायचा, केव्हा नाही, आणि लावल्यावर काय दिसेल.

"मंग हा एजंट बी रोज नंदिनीहूनच आलेला समजा," मुलगी म्हणाली आणि आम्ही पुन्हा लिहायला बसलो.

पहिलं: 'प्रोग्रामनं लिहून ठेवलेल्या नोंदी वाचते. काहीही बदलत नाही. सर्वांत आधी हे वापरा.' दुसरं: 'ठरावीक ओळीवर प्रोग्राम थांबवून त्या क्षणी आत काय आहे ते दाखवते. कोणती ओळ ते माहीत नसेल, तर आधी नोंदी वाचा.' तिसरं: 'प्रोग्राम बंद करून चालू करते. बिघाड शोधत नाही, त्याच्या खुणा पुसते. दुरुस्ती झाल्यावरच वापरा.' मी शेवटी 'आपला नम्र' घातलं होतं. मुलीनं ते खोडलं.

सोमवारी सकाळी मुलगी दार लावून साहेबांशी बोलत होती. बाहेरच्या खोलीतला पंखा कुरकुरायला लागला. आवाज आत जाईल म्हणून मी घाबरून बटनांकडे धावलो. बोट टेकलं तर बटनांच्या वर कागद चिकटवलेला, बायकोच्या अक्षरात: 'डावं बटन पंखा बंद करते. उजवं बटन पोरीचं इंटरनेट बंद करते. पोरगी बोलत असन तवा उजव्याले हात लावू नये. तुमी त कधीच नाही.'

माझं बोट उजव्यावर होतं.

मी ते हळूच उचललं आणि डावं दाबलं. काही वेळानं दार उघडलं.

"बाबा, त्यानं पयले नोंदी वाचल्या! मंग बिघाड शोधला! बंद-चालू केलंच नाही!"

"नोकरी?"

"पक्की!"

बायकोनं शिऱ्यासाठी कढई चढवली आणि मला दुकानात पिटाळलं, हातात चिठ्ठी देऊन: 'रवा. बारीक. जाडा असन तर आणू नये, फोन करावा.'

दुकानात जाडाच होता. मी फोन केला.